तुरेवाल्यांच्या कमरेचे दिवे

शाळा सुटली आणि गावही सुटलं. आमच्या गावच्या एका काकांनी मला मरोळच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिकच्या कामाला चिकटवलं आणि घाटकोपरला आपल्याच खोलीत ठेवून घेतलं. ते उपकार मी आजही मानतो.

त्या वर्षी शक्तीवाले आणि तुरेवाले यांच्या नाचगाण्याच्या सामन्यासाठी मी आमच्या, म्हणजे काकांच्या शक्तीवाल्या मंडळातल्या, नाचणाऱ्यांचे कमरपट्टे केले. सेलवर लुकलुकणारे बारीक लाल दिवे. लाल कमी पडले म्हणून प्रत्येक पट्ट्यात मधोमध एक हिरवा लावला. मंडळाबाहेर कुणाला पत्ता नव्हता. मैदानातली लाइट घालवून अंधारात नाचायचं ठरलं होतं.

पहिली बारी तुरेवाल्यांची होती. एकाएकी लाइट गेली आणि त्यांच्याच कमरा लाल लुकलुकायला लागल्या. मधोमध एक हिरवा.

"वाट लागली! आता आपण घातले तर लोक म्हणतील नक्कल केली," आमचा ढोलकीवाला माझ्यावर उखडला. "तूच फितलास ना रे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. काका तेवढे खाली बघत होते.

घरी जाताना ते म्हणाले, "पोरीचं लग्न तुरेवाल्यांत ठरतंय. होणाऱ्या जावयाने एक पट्टा मागितला, मी नेऊन दिला; त्याने रेडिओवाल्याकडून तसेच करून घेतले. नाही कसं म्हणू, बाबू?"

"पण मंडळी मला फितूर म्हणतायत, काका. तुम्ही सांगाल ना त्यांना?"

ते भराभर पुढे चालायला लागले.

मंडळाने मला पुन्हा तालमीला बोलावलं नाही. लग्नात काकांनी मला तुरेवाल्यांच्या पंगतीत वाढायला लावलं. मी वाढलं.