आढीला वारं लागू नये

त्या काळी लोणावळ्यात गाडीत उकडलं की माणसं खिडकीची काच खाली करायची आणि विषय संपायचा. घाट चढून धापा टाकत आलेल्या गाड्यांना पाणी पाजणं हाच आमच्या गॅरेजचा मुख्य धर्म. मी तिथे फिटर होतो. आमचे उस्ताद बॉनेट न उघडता निदान करायचे, तेही खोकून. एकदा खोकले तर कार्बोरेटर, दोनदा खोकले तर गॅस्केट. त्यांना खरोखरचा खोकला झाला त्या आठवड्यात आम्ही निम्म्या लोणावळ्याची इंजिनं खाली उतरवली होती.

अशात मे महिन्यात मळवलीच्या एका बंगल्यावरून शेठची अमेरिकन गाडी आली. ती इतकी लांब, की तोंड गॅरेजात शिरलं तेव्हा शेपूट मळवलीच्या फाटकात रेल्वे अडवून उभं होतं. देश सोडून जाणाऱ्या कुणा साहेबाकडून शेठनी ती घेतलेली. आत थंड हवेचं यंत्र! ते नेमकं कुठे बसवलंय हे साहेबाने सांगितलं नव्हतं आणि शेठनी विचारलं नव्हतं.

"पुढे जरा फुरफुर येतं," शेठ म्हणाले, "पण मागच्या सीटवर झुळूक म्हणून नाही. रविवारी मुलीला बघायला येतायत. होणाऱ्या विहीणबाईंना मी शब्द दिलाय, मागच्या सीटवर काश्मीर! वारं आलं नाही तर लग्न मोडलंच समजा."

पाहुणे पुण्याचे. पुण्याहून येताना मळवली आधी लागते, लोणावळा नंतर. पण मळवलीला उतरवलं तर गाडी दाखवायची कुठे? म्हणून शेठनी त्यांना पुढे लोणावळ्याला उतरायला सांगितलं होतं, तिथून उलटं मळवलीला आणण्यासाठी.

उस्ताद खोकले. आम्ही फ्यूज पाहिले, वायरी पाहिल्या, डॅशबोर्ड उचकटून त्यातून एका लग्नाच्या मांडवाला पुरतील एवढे स्क्रू काढले. मी मागच्या जाळीपाशी उदबत्ती धरली. धूर सरळ छताला गेला. आणि मागून कुठूनतरी घूं घूं ऐकू येत होतं. म्हणजे पंखा फिरत होता, वारं तेवढं बेपत्ता.

"उस्ताद, डिकी उघडून बघू का?"

"इंजिन पुढं, मग यंत्र मागं कसं असेल? गाय काय शेपटानं चरते?"

मागच्या सीटच्या पाठीमागून छतापर्यंत दोन पारदर्शक नळ्या गेल्या होत्या. त्या शोभेच्या आहेत, असं उस्तादांनी जाहीर केलं. तरी मी गाडीबरोबर आलेल्या बंगल्याच्या म्हाताऱ्या राखणदाराला, आबाला, डिकीची किल्ली मागितली. वर्षभर गाडी त्याच्याच ताब्यात असायची.

"किल्ली शेटानीकडं, म्हमईला," आबा आभाळाकडं बघत म्हणाला. मग मला बाजूला घेऊन कुजबुजला, "फिटरभाऊ, शेट समद्यांना सांगत फिरत्यात, ईहीनबाईच्या अंगावरनं वारं गेलं पायजे. असं कुनी बोलतं व्हय? आल्या पावली म्हागारी जात्याल की!"

रविवार उजाडला. वारं अजून बेपत्ताच, म्हणून शेठनी गाडी चालवायला मलाच बसवलं होतं, शेजारी आबा, आणि लोणावळा स्टेशनच्या आवारात शेठ नव्या कोटात उकडून निघत होते. पुण्याच्या गाडीतून विहीणबाई एकट्याच उतरल्या. बाई भारदस्त. मागच्या सीटवर बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या. मी बटण दाबलं. घूं घूं. बस.

"काश्मीरात उन्हाळा आहे वाटतं," बाई म्हणाल्या.

शेठचा चेहरा पडला. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी बाईंची ट्रंक उचलली. "ही डिकीत ठेवतो."

आबा उडी मारून डिकीला आडवा झाला. "न्हाई शेट! उगडू नगा! आढीला वारं लागंल!"

"कसली आढी?"

"आंब्याची! हितं लय ऊब धरती. पिकस्तवर वारं लागलं तर समदा माल आंबट ऱ्हातोय."

किल्ली आबाच्या कनवटीला निघाली. डिकीत काठोकाठ भाताचा पेंढा, पेंढ्यात आंबे, आणि पेंढ्याच्या पलीकडे ट्रंकेएवढं ते यंत्र, तोंडात बोळा कोंबल्यासारखं गुदमरलेलं. ज्याने वारं द्यायचं त्याच्यावरच आबाने वारं लागू नये म्हणून अख्खं शेत रचलं होतं!

मी दोन्ही हातांनी पेंढा उपसला. यंत्राने एक उचकी दिली आणि छताच्या झरोक्यांतून असा झंझावात सुटला, की प्लॅटफॉर्मवरच्या स्टेशनमास्तरची टोपी खंडाळ्यात सापडली. वाऱ्याआधी आला नळ्यांत अडकलेला भुसा. विहीणबाई डोक्यापासून मांडीपर्यंत पिवळ्या झाल्या. शेठनी डोळे मिटून घेतले.

बाईंनी कपाळावरची काडी काढली. खाली उतरून आढीतला एक आंबा उचलला, हुंगला. यंत्राकडची बाजू दगड, दुसरी नासलेली.

"आबा, तुमचे आंबे गेले हो."

"वारं लागलं, बाई," आबा शेठकडे जळजळीत बघत म्हणाला.

बाई एवढ्या हसल्या, की मळवलीपर्यंत गाडी डुलत होती. बंगल्यावर मुलीशी तासभर बोलल्या, आणि निघताना शेठना म्हणाल्या, "मुलगी आम्हाला पसंत आहे. अट एकच. वरात बैलगाडीतून काढायची."

शेठ असे मटकन बसले, जणू सोयरीक मोडली होती.