मिसरी, किब्ती आणि आमचा हमीद

हमीदनं चुगली केली नव्हती.

आज पहाटे तो उमरग्यात वारला. त्याच्या दारात उभा होतो, तर एकजण माझ्या कानाशी कुजबुजला, "ह्यानंच मास्तरला अडकवलं हुतं म्हणं."

म्हणं! कोण म्हणतं? त्या वर्गात मी होतो. ऐका.

निजामाचं राज्य. शाळा उर्दू. हमीदचे वडील पोलिसात जमादार, म्हणून सगळ्यांचा डोळा त्याच्यावर.

इतिहासाच्या तासाला मास्तर म्हणाले, "मिसरी आणि किब्ती एक नव्हे. एकेकाळी मिसर, म्हणजे इजिप्त देशातला कुणीही किब्तीच. आता फक्त तिथल्या ख्रिस्ती माणसाला किब्ती म्हणतात. मिसरी मात्र सगळेच."

मागून एकानं विचारलं, "आन् तिथला राजा?"

"घराणं बाहेरून आलेलं. पण म्हणवतो मिसरीच."

वर्ग हसला. निजामाचं घराणंही बाहेरूनच आलेलं; कुठल्या राजावर हसला, हे सांगायला नको.

त्याच आठवड्यात शिक्षण खात्याचे साहेब पोलीस घेऊन वर्गात.

मास्तर भिंतीशी उभे. नोकरी जाणार, कदाचित जेलसुद्धा.

"राजा के बारे में क्या बोले मास्तर?"

सगळ्यांच्या नजरा हमीदवर.

हमीद उठला.

"साब, लफ्जों का फरक समझाए. जैसे अपन सब मुल्की."

"मतलब?"

"सरकारच बोलती ना साब, रियासत का हिंदू बी मुल्की, मुसलमान बी मुल्की? वैसेच मिसर में सब मिसरी. गलत है क्या?"

मुल्की म्हणजे संस्थानचा रहिवासी, सरकारचाच शब्द! गलत म्हणायची साहेबाची काय टाप?

मास्तर सुटले. बाहेर येऊन म्हणाले, "हमीद, वकील हो रे बाबा."

वकील कुठला! हायवेवर टायरचं दुकान टाकलं.

निजाम गेला, संशय राहिला. त्याच्याकडं हवा भरून घ्यायची आणि पाठ फिरली की "रझाकाराचं पोरगं."

मी भडकायचो. तो हसायचा. "बोलू दे की. पंक्चर तर माझ्याकडंच आणतेत."

मग चुगली केली कुणी?

माझा संशय वर्गात मागून राजाचा प्रश्न विचारणाऱ्यावर आहे. त्याची नातवंडं ही पोस्ट लाइक करतील.

पुरावा नाही, म्हणून नाव लिहीत नाही. पुराव्याशिवाय नाव घेतलं की माणसाचं काय होतं, ते आयुष्यभर बघितलंय.

दुपारच्या नमाजानंतर दफन आहे. कुणाच्या मनात अजून काही असेल तर त्यानं तिथं यावं आणि माझ्या तोंडावर बोलावं.

खांदा द्यायला मी पुढं असेन.

हमीद, सुखानं जा गड्या.