नानांनी दिलेलं पाकीट

लॅबवाले नाना माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत, आधी बाटलीकडे बघत. जळगावच्या एका लहानशा लॅबमध्ये पुरुषांचं वीर्य तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. माझ्यासारख्या लाजून मेलेल्याला त्यांच्या त्या सवयीनं जरा बरं वाटे.

अमळनेरकडच्या नानांचा नियम एकच, ‘‘ज्याना रिपोट, त्यानाच हातमा.’’ एकदा एक सासू जावयाच्या रिपोर्टसाठी बाकावर ठाण मांडून बसली. नानांनी तिला दोनदा चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं.

माझ्या रिपोर्टमध्ये नुसत्या कच्च्या पेशी होत्या, तयार शुक्रजंतू एकही नव्हता. ‘‘बियानं शे भाऊ,’’ नाना म्हणाले, ‘‘पन त्याले उगवाना हुकूमच भेटत नई.’’ आम्ही दोघं भाऊ लहानपणापासून केळीवर उघड्या हातांनी फवारतो, त्यानं असेल का, असं मी विचारलं. नाना काचपट्टी धूत राहिले.

घरी सगळे माझ्या बायकोला वांझ म्हणत. खरं सांगायची माझी छाती झाली नाही. खोटा का होईना, चांगला रिपोर्ट घरी दाखवावा म्हणून मी धाकट्याचा नमुना माझा म्हणून नेला. बायकोचं काय होईल हे मला कळत होतं. धाकट्याचं लग्न आठ दिवसांवर होतं. ‘‘एवढंच ना दादा?’’ म्हणत त्यानं हसत बाटली दिली.

‘‘बाटली थंडी शे. रावेरथून एस्टीमा आनी का?’’ नानांनी विचारलं. तपासून झाल्यावर त्यांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं. ‘‘हाई तुनं नई. तुनामा कच्चं बियानं तरी व्हतं. कोनं शे?’’

मी भावाचं नाव सांगितलं. थंडीनं शुक्रजंतू मेले असतील, असंही म्हणालो.

‘‘मरेल बी दिखतंस. आठे काहीच नई.’’ त्यांनी रिपोर्ट पाकिटात घालून ते चिकटवलं, वर भावाचं नाव घातलं आणि खणात ठेवलं. ‘‘लगीनना पहिले त्याले धाडी दे.’’

मी त्याला पाठवलं नाही. ‘पास झालो ना?’ या त्याच्या प्रश्नाला मी हो म्हणालो आणि वरातीत सगळ्यांच्या पुढे नाचलो.

निवृत्त होताना नानांनी मला बोलावून ते पाकीट हातात ठेवलं. ‘‘आज माना नियम मोडस. तू तरी त्याले दे.’’ पुढे दोन महिन्यांत नाना गेले. जन्मभराचा नियम त्यांनी माझ्या भरवशावर मोडला, याची मला फार लाज वाटते.

काल आई म्हणाली, ‘‘दोन्ही सुना सारख्याच निंघाल्या.’’ धाकटी सून मान खाली घालून भाकरी थापत होती, आणि माझी बायको माझ्याकडे बघत होती. मी ताटावरून उठलो, कपाट उघडलं, पाकीट तिथंच आहे ना ते पाहिलं आणि कपाट परत लावलं.