रडून दिलेली गाडी

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना कुंभारी मागे टाकून डांबरी सोडली की काळ्या रानातून एक पाणंद आत जाते. तिच्या शेवटी चार-पाच घरांची वस्ती आहे, आणि त्यातलं कडुलिंबाखालचं घर गुरुशांत बिराजदारांचं. उन्हाळ्यात ही पाणंद अशी टणक की सायकलवाला गाणं म्हणत जाईल. पाऊस झाला की मात्र ती माणसाच्या पायातली चप्पल काढून घेते आणि परत देत नाही.

गुरुशांत म्हणजे बैलाचा जाणकार. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराच्या जत्रेला जनावरांचा बाजार भरतो, तेव्हा आजूबाजूच्या गावांतले लोक त्याला घरून उचलून न्यायचे. तो बैलाचे दात बघायचा, खूर बघायचा, मग बैल सोडून बैलवाल्याच्या तोंडाकडे बघत बसायचा. घाई त्याला माहीत नव्हती. एकदा एका व्याह्यासाठी बैलजोडी बघता बघता सगळी जत्रा उठली, तरी याचं बघणं संपेना. लोक चिडायचे, पण त्यानं घेऊन दिलेला बैल कधी खोटा निघाला नाही, हेही तेच लोक सांगायचे.

त्याची बायको गंगम्मा अक्कलकोटच्या खालच्या अंगाची. घरात दोघं कन्नड बोलायचे, बाहेर मराठी. नवऱ्याला हाक मारायची ती नुसती "री" म्हणून, आणि त्या एका अक्षरात राग, माया, चहा झाल्याची वर्दी असं सगळं बसवायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन वेळा सोलापूरला डायलिसिस ठरलं. उन्हाळाभर रिक्षा दारात येत होती. पहिल्या पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून न्यावं लागलं, तर धक्क्यांनी तिच्या डायलिसिसच्या हाताची शीर सुजली आणि डॉक्टर गुरुशांतवरच ओरडले. पुण्याला नोकरीला असलेला मुलगा नंदीश म्हणाला, पावसाळ्यापुरती सोलापुरात खोली घेऊ. गंगम्मा म्हणाली, "खोलीत मी रोगानं न्हाय, कोंडून मरीन."

मग ठरलं की गाडी घ्यायची; ट्रॅक्टरवर हात बसलेला गुरुशांतच ती चालवणार. साधी नाही, पुढची-मागची चारही चाकं जोर लावणारी, फोर बाय फोर. नवी घ्यायची तर जमीन विकावी लागली असती, म्हणून जुनी. नंदीशनं साठवलेले आणि एक खिलार बैलजोडी विकून आलेले पैसे, एवढ्यात बसेल अशी. आणि ती पुढच्या पावसाळ्याच्या आत दारात हवी.

गुरुशांतनं गाड्या बैलासारख्याच बघायला सुरुवात केली. बैल बघायचा तर पाणी पाजायच्या आधी, तशी गाडी बघायची इंजिन गार असताना. न सांगता, सकाळी सकाळी तो मालकाच्या दारात उभा राहायचा आणि आधी बॉनेटला हात लावायचा. बॉनेट कोमट लागलं की, "तुमी आदीच तापवून ठिवली की," म्हणून मागे फिरायचा. अंगाखाली पोतं अंथरून गाडीखाली शिरायचा. वरून चकचकीत रंग आणि खाली चासी गंजून पापड झालेली, अशा तर किती तरी निघाल्या. एका गाडीवर मागं मोठ्या अक्षरात फोर बाय फोर लिहिलेलं होतं, खाली बघितलं तर पुढच्या चाकांकडे जाणारा दांडाच नाही. गुरुशांत पोत्यावर पडल्या पडल्या इतका हसला की दलाल बिचारा ओशाळून चहा सांगायला पळाला.

असा हिवाळा गेला. शिमगाही गेला. गंगम्मा विचारायची, "री, आज कुठली नापास केलीत?"

चैत्रात जेऊरची खबर लागली. ज्ञानबा नावाचा माणूस उजनी धरणाच्या फुगवट्यावर मासळीचा धंदा करायचा. तो हृदयविकारानं गेला होता आणि त्याची फोर बाय फोर बोलेरो घरचे विकायला काढत होते. गुरुशांत आदल्या संध्याकाळी रेल्वेनं जेऊरला उतरला, स्टेशनवर पाठ टेकली आणि तांबडं फुटताना ज्ञानबाच्या दारात गेला. बॉनेट गार होतं. खाली शिरला तर चासी तेल लावून राखलेली. ज्ञानबाचा मुलगा अभिमन्यू त्याला शेजारी बसवून धरणाच्या काठाला घेऊन गेला. पाणी मागं हटलेलं, गुडघाभर गाळ. अभिमन्यूनं चारही चाकांना जोर देणारा खालचा छोटा दांडा ओढला आणि गाडी त्या गाळात घातली. ती थांबली नाही, कुथली नाही, म्हशीसारखी आपल्या चालीनं गेली आणि वळून बाहेर आली. गुरुशांतच्या डोळ्यांपुढं आपली पाणंद उभी राहिली. कितीतरी महिन्यांनी त्याला छातीत मोकळं वाटलं.

खोड एकच होती. गाडीला मासळीचा वास होता, आणि तो सीटच्या स्पंजापर्यंत मुरलेला. बिराजदारांच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. त्यानं तिथूनच घरी फोन लावला. गंगम्मा हसली. "वासाचं काय घिऊन बसलात? मी पदर लावीन नाकाला. या तुमी गाडी घिऊन."

व्यवहार ठरला. गुरुशांतनं सवयीनं टॉवेल पसरला, त्याखाली बोटं धरून भाव करायला. अभिमन्यूला काही कळेना, तेव्हा दोघंही हसले आणि तोंडानंच बोलले. विसाराचे आगाऊ पैसे द्यायला त्यानं बंडीच्या खिशात हात घातला. "कुनासाठी घेताय, पावणं?" आतून हळदकुंकवाची वाटी घेऊन आलेल्या ज्ञानबाच्या बायकोनं, दगडाबाईनं, विचारलं. गुरुशांतनं सांगितलं, आजारी बायकोला दवाखान्यात न्यायला. दगडाबाईनं बॉनेटला हळद लावली, कुंकू लावलं. मग तळहात तिथंच टेकवून ती उभी राहिली आणि तोंडात पदर घालून रडायला लागली.

गुरुशांतचा हात खिशातच राहिला.

त्याच्या वडिलांनी, मल्लप्पांनी, त्याला बैलाचं सगळं शिकवलं होतं आणि त्यात हेही शिकवलं होतं. विकणाऱ्या घरची बाई जनावर सोडताना रडली, तर ते जनावर आणायचं नाही. तिचा जीव त्यात अडकलेला असतो, आणि ते आपल्या दावणीला सुखानं राहत नाही. मल्लप्पांनी एकदा पैसे मोजून घेतलेला बैल एवढ्यासाठी तिथंच सोडला होता. गाडीला ना शिंगं ना शेपूट, हे गुरुशांतलाही कळत होतं. पण घरात आधीच आजारपण, आणि त्यावर एका विधवेचे अश्रू दारात आणायचे, या विचारानं त्यानं खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. "इचार करून कळीवतो," एवढंच म्हणून तो निघाला. अभिमन्यू रस्त्यापर्यंत मागं आला, काय चुकलं म्हणून विचारत. त्यानं सांगितलं नाही.

गंगम्मालाही त्यानं खरं सांगितलं नाही. गिअर बरोबर पडत नव्हता, म्हणाला. ती एवढंच म्हणाली, "वासाचं मी सोसलं असतं की."

त्यानंतर त्यानं बघितलेली एकही गाडी त्याला पटली नाही. जेऊरची गाडी बघून आलेल्या डोळ्यांना पटणार तरी कशी? आज बघू, पुढच्या आठवड्यात बघू, करता करता मृग कोरडा गेला, आषाढ-श्रावण भुरभुर पावसात निघाले. रिक्षा कशीबशी येत राहिली आणि गुरुशांतला वाटलं, हे वर्ष निभावलं.

पाऊस आला तो भाद्रपदात. पहिल्या दिवशी डायलिसिसची पाळी होती, तर गंगम्मा स्वतःच म्हणाली, "एवढ्या राडीत नको, उद्या उघडंल." दारात गाडी उभी असती तर ती असं म्हणाली नसती. दुसऱ्या दिवशी उघडलं नाही. वस्तीवर ट्रॅक्टर एकच, शेजारच्या भीमाचा, आणि तो उडदाच्या मळणीला अक्कलकोटकडं गेलेला. तिचे पाय सुजले, मग तोंड सुजलं. तिसऱ्या दिवशी तिला आडवं पडता येईना, बसूनच श्वास घ्यायला लागली. अॅम्ब्युलन्स बोलावली. ती डांबरीवर येऊन थांबली; पाणंद बघून ड्रायव्हर म्हणाला, आत घातली तर दोन पेशंट होतील.

गुरुशांतनं बैलगाडी जुंपली. बैल त्याच्या हातचे, जत्रेत लोक थांबून बघायचे असे. त्यांनी जीव तोडून ओढलं. पण काळी माती चाकाला लागली की चाकाचंच ढेकूळ होतं, आणि थोडं गेलं की थांबून ती खरवडून काढावी लागते. वस्तीवरचे पुरुष मागून रेटत होते. बैल गुडघ्यांवर आले. गुरुशांतनं आयुष्यात कधी बैलावर चाबूक उगारला नव्हता, तो त्या दिवशी उगारला. पावसात मागून बारीक हाक आली.

"री, त्यांला मारू नका."

ते तिचं शेवटचं बोलणं. डांबरी दिसायला लागली, अॅम्ब्युलन्सचा दिवा दिसायला लागला, आणि तिला धरून बसलेल्या भीमाच्या बायकोनं गाडी थांबवायला सांगितलं.

दिवसकार्य झालं. नंदीश पुण्याला गेला. गुरुशांत बैलांना वैरण टाकायचा आणि गोठ्यातच बसून राहायचा. लोक म्हणायचे, बिचाऱ्यानं किती गाड्या बघितल्या, नशिबातच नव्हतं. त्याला ते ऐकवायचं नाही. नशिबात होतं. नशीब जेऊरला दारात उभं होतं आणि तो त्याला पाठ दाखवून आला होता.

दसऱ्याच्या आसपास अभिमन्यूचा फोन आला. गाडी अजून विकलेली नाही, तुम्ही कळवतो म्हणाला होतात म्हणून थांबलो, म्हणाला. गिऱ्हाइकं खूप आली, पण आई म्हणते, आधी त्या सोलापूरच्या पावण्यांना विचार. दुसऱ्या दिवशी गुरुशांत जेऊरला गेला. कशाला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

दगडाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "घरातल्या कशा हायेत आता?"

"गेली, अक्का. पावसात रस्ता न्हाय गावला."

तांब्या तिथंच ठेवून ती समोर बसली. मग म्हणाली, "म्या तुमची लई वाट बगितली, अण्णा. आमच्या ह्यांनी ह्या गाडीतनं मासळी न्हेली तेवडीच आडलीनडली मानसं दवाखान्यात न्हेली. ह्ये गेल्यावर मला घोर पडला हुता. कोन तरी वाळूवाला न्हेईल, तिचं हाल करील. तुमी म्हनलासा आजारी मानसासाटी, आन माजं मन आसं भरून आलं की मला रडूच आवरंना. वाटलं, ह्यांचंच काम पुडं चाललं." तिनं त्याच्याकडं बघितलं. "मंग तुमी का न्हाई न्हेली?"

गुरुशांतनं आयुष्यभर बैलवाल्यांची तोंडं वाचली होती. जत्रेत त्याच्यापुढं कोणाचं खोटं टिकलं नव्हतं. या बाईच्या तोंडाकडे मात्र त्यानं बघितलंच नव्हतं, नुसतं डोळ्यांतलं पाणी बघितलं होतं. "माजीच चूक झाली, अक्का," तो म्हणाला आणि तिच्यासमोर, तिच्या मुलासमोर, लहान मुलासारखा रडला.

गाडी त्यानं घेतली. दगडाबाईनं पुन्हा हळदकुंकू लावलं. या खेपेला ती रडली नाही, तोच रडत होता.

सोलापूर ओलांडून तो कुंभारीला आला तेव्हा परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता आणि पाणंद तशीच होती, काळी, चिकट, बैलगाडीच्या त्या दिवशीच्या चाकोऱ्यांत पाणी साठलेलं. त्यानं खालचा दांडा ओढला. गाडी आत शिरली. जिथं बैल गुडघ्यांवर आले होते तिथून ती गेली, जिथं चाकं खरवडली होती तिथूनही गेली. त्याला वाटत होतं, आता तरी अडेल. मनातल्या मनात तो सिद्धेश्वराला तेच मागत होता, की हिला इथं अडू दे, म्हणजे मला म्हणता येईल की गाडी असती तरी उपयोग नव्हता. गाडी कुठंही अडली नाही. हॉर्न ऐकून वस्तीवरची माणसं बाहेर येईपर्यंत ती कडुलिंबाखाली उभी होती.

कोणी तरी दार उघडलं, मासळीचा वास आला, आणि उघडणारा दोन पावलं मागं सरला. गुरुशांत उतरला नाही. शेजारच्या रिकाम्या सीटवर हात ठेवून तो तसाच बसून राहिला. वास खरंच फार होता. तिला पदर लावावाच लागला असता.