पाटले सरांचं दुसरं वाक्य

पाटले सर शेअर बाजार बंद झाल्याशिवाय चहा घेत नसत. निर्देशांक साडेतीनला जिथे थांबला, तिथपर्यंतची दिवसाची कँडल, म्हणजे चढउताराचा उभा ठोकळा, ते आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढायचे, मागचे तळ जोडणारी रेषा पट्टीने थोडी पुढे ओढायचे, मगच कपाला हात. कोहमाऱ्याला माझं झेरॉक्सचं दुकान. गणित शिकवून निवृत्त झालेले सर रोज तिथल्या बाकावर बसत. "मोबाइलवर हे आयतं दिसतं, सर," मी एकदा म्हणालो. "दिसते ना. पण हातानं काढलं का घाई होत नाही."

पुढच्या आठवड्याचं कुणी विचारलं की ते दोन वाक्यं बोलत. पहिल्यात अंदाज, दुसऱ्यात तो कुठे चुकला असं मानायचं, ते. "आपण कुठं खोटे पडतो हे ज्याले सांगता येत नाही, त्यानं तोंड उघडू नये," असं म्हणत.

एका सोमवारी ते म्हणाले, "रेषेवर येऊन टेकला. हप्ताभर वर जाईल असं दिसून राहिलं. पण एक दिवस जरी रेषेखाली बंद झाला, त माहं म्हणणं खोटं. तवा पैसे काढून निघून जायचं."

संध्याकाळी सुखराम कोकोडेचा फोन आला. तो माझा लहानपणापासूनचा मित्र, नागझिऱ्याच्या जंगलात गाइड. स्वतःची सफारीची जिप्सी घ्यायला त्याने पैसे जमवले होते आणि ते त्याला लवकर वाढवायचे होते. मी सांगितलं, "सर म्हणतात, वर जाईल." दुसरं वाक्य मी सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. तो इतका खुशीत होता, की सांगावंसं वाटलं नाही.

बुधवारी निर्देशांक रेषेखाली बंद झाला. "मी खोटा पडलो," असं म्हणून सरांनी शांतपणे चहा घेतला. सुखरामला फोन करावा असं मनात आलं. पण उद्या बाजार सावरेल, म्हणून राहू दिलं. सुखरामने सगळे पैसे निर्देशांक वर जाण्यावर, आठवड्याच्या मुदतीच्या ऑप्शनमध्ये लावले होते; आठवडा संपता संपता ते सगळे गेले.

तो दुकानात आला तेव्हा सर बाकावरच होते. "सर, तुमी त वर जाईल म्हणत होते ना?" आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाचे गठ्ठे उगाच सारखे करू लागलो.

"हो," सर म्हणाले. "माही चूक झाली."

त्यानंतर चार वर्षं ते रोज आले. रेषा मात्र आजच्या तारखेपाशी थांबवत. पुढचं कुणी विचारलं तर म्हणत, "मले नाही समजत." कधी ते मान वर करून माझ्याकडे पाहत. आता विचारणार, म्हणून मी झेरॉक्सच्या यंत्राकडे वळत असे. ते खोडरबर मागत.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. मयतीहून परतताना सुखरामच्या मोटारसायकलवर मागे बसून मी त्याला सगळं सांगितलं. त्याने गाडी कडेला घेतली. आम्ही उतरलो.

"मले मालूम आहे," तो म्हणाला. "दुकानातल्या लोकाइकडून दुसरं वाक्य समजलं, तवाच मी सरच्या घरी गेलो होतो. म्हटलं, दुकानात सगळ्याइले पूरं सांगता, मग मलेच अर्धं काऊन आलं? सर म्हणाले, ‘त्याले काही बोलू नको. तो सांगंल आपल्या तोंडानं. मी वाट पाहून राहिलो.’"

त्याने गाडी पुन्हा सुरू केली. मला चढून बसता येईना.