'ब्रेक' म्हटलं की

ठोसाताईने अकरा वर्षं देशासाठी बायकांची नाकं फोडली आणि स्वतःचं दोनदा फोडून घेतलं. चौतिसाव्या वर्षी डाव्या डोळ्याचा पडदा सुटला, बॉक्सिंगही सुटलं. पदकं भिंतीवर शोभतात, पातेल्यात शिजत नाहीत; तेव्हा नोकरी शोधणं आलं. शाळेने डिग्री मागितली. जिमच्या मॅनेजरने "तुम्हाला बघून बायका घाबरतात हो," म्हणत हात जोडले. शेवटी इस्पितळात, अपघात विभागाच्या दारावर ती पहारेकरी म्हणून लागली. तीन महिने नीट काढले तर कायम.

सुपरवायझरची अट एकच. "हात उचलायचा नाही. उचललास की घरी."

"मग अंगावर आलेल्याचा काय पापा घेऊ?"

"अडव."

अडवणं तिला येत होतं. दमलेला बॉक्सर समोरच्याच्या काखेतून हात घालून त्याला मिठीत जखडतो. पंच 'ब्रेक' म्हणाला की सोडायचं आणि एक पाऊल मागे यायचं. याच मिठीवर ठोसाताईने पावणेतीन महिने काढले. दारुडे कवटाळले, भांडणारे जावई कवटाळले, एक चाकूवालाही कवटाळला. वॉर्डातले मामा म्हणायचे, "ताईंची माया अजगराची."

शुक्रवारी भर दुपारी एक धिप्पाड माणूस बापाला घेऊन आला. कारखान्याच्या प्रेसखाली बापाची छाती सपाट झाली होती. डॉक्टरीणबाईंनी "गेले" म्हणताच मुलाने सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला आणि पहिल्याच फटक्यात औषधांचं कपाट फोडलं. दुसरा फटका मामांच्या तोंडावर बसला. दोन दात फरशीवर पडले. तिसऱ्यासाठी तो डॉक्टरीणबाईंकडे वळला, तोच ठोसाताई त्याच्या काखेत घुसली.

त्याने डोक्याने तिचं नाक फोडलं. खांद्याचा लचका तोडला. तिने पकड सोडली नाही.

मागे मोठ्या सिस्टर दुसऱ्या पेशंटला ट्रॉलीवरून बाहेर काढत होत्या. रक्तावरून चाकं घसरली, ट्रॉली भिंतीकडे सुटली. सिस्टर ट्रॉलीजवळ तोंड धरून बसलेल्या मामांवर ओरडल्या, "ब्रेक! अहो, ब्रेक!"

ठोसाताईचे हात सुटले. एक पाऊल मागे येऊन ती शिस्तीत उभी राहिली.

स्टँड सणसणत आला, तो डॉक्टरीणबाईंना वाचवायला मध्ये धावलेल्या सिस्टरच्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या वॉर्डाने ऐकला. त्याने पुन्हा उगारला, आता डॉक्टरीणबाईंच्या डोक्यावर. मग मात्र ठोसाताईने त्याच्या यकृतावर डावा ठोसा हाणला. एकच. तो गुडघ्यांवर आला आणि भडाभडा ओकला.

सुपरवायझर आले तोवर सगळे तिचं कौतुक करत होते. तेही विरघळले. "ठोशाचं मी सांभाळून घेतो. जीव वाचवलास."

गप्प बसली असती तर नोकरी खिशात होती. पण सिस्टरचा हात कोपराखाली भलतीकडेच वळलेला दिसत होता.

"आधी मीच त्याला सोडला," ती म्हणाली. "सिस्टर 'ब्रेक' म्हणाल्या."

"मी ट्रॉलीला म्हणाले, मूर्ख!" सिस्टर कळवळल्या.

"कळलं. पण हातांना नंतर कळलं."

सुपरवायझरचा चेहरा पडला. "एका शब्दावर सोडणारा पहारेकरी काय कामाचा?"

"हात माझा मोडलाय, तेव्हा मी बोलते," सिस्टर म्हणाल्या. "माफबिफ काही केलेलं नाही हिला. पण कबूल करणारी माणसं इथे किती आहेत? सोमवारी पहिलं काम, मी हिला तपासणार. तो शब्द ऐकून हात सुटले, तर मीच हाकलीन."

रविवारी घरातलं टेबल भिंतीला लावलं. ठोसाताईने नवऱ्याला मिठीत जखडलं आणि सासूबाई खुर्चीवर पंच होऊन बसल्या.

"ब्रेक!"

हात सुटले.

"ब्रेक!"

सुटले. दुपार कलली तरी सुटतच होते. सासूबाई वैतागल्या, "अगं, माझा मुलगा आहे म्हणून लाजतेस का? आवळ!"

"ब्रेक!"

या वेळी बोटं थरथरली, पण अडकूनच राहिली.

"सोड, बाई, बरगडी गेली!" नवरा किंचाळला. "अगं, ब्रेक! ब्रेक!"

तिने आणखी आवळलं.