उजवी बाजू कुणाची

आमचा मामा मोटारींच्या पत्र्याचं काम करतो. चेपलेली गाडी त्याच्याकडे यायची आणि सरळ होऊन जायची. पत्र्याचे खड्डे बुजवायच्या पुट्टीचा त्याला भारी राग. पुट्टी भरणं म्हणजे पावडर थापून सुरकुत्या लपवणं, असं तो म्हणायचा. पत्रा ठोकून झाला की डोळे मिटून त्यावर तळहात फिरवायचा; डोळ्यांना न दिसणारा उंचवटा त्या तळहाताला कळायचा. गिऱ्हाइकं त्या हातासाठीच लांबून येत आणि मामाला हे चांगलंच ठाऊक होतं. त्यामुळे तो कुणाचं म्हणून ऐकून घेत नसे. 'बरं' हा शब्द त्याच्या तोंडून मी तरी कधी ऐकला नव्हता.

फावल्या वेळात सहा वर्षं तो स्वतःची एक मोटार घडवत होता. भंगारातून आणलेली, छप्पर कापलेली, मागे होडीसारखी निमुळती होत जाणारी. मामी तिला सवत म्हणायची. डावी बाजू पुरी करायलाच मामाला चार वर्षं लागली. मग एका सकाळी त्याने गॅसवरचं तापलेलं पातेलं नुसत्या हाताने उचललं, आरामात ओट्यावर ठेवलं, आणि हाताला फोड आलाय हे मामीने दाखवलं तेव्हा त्याला समजलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेहाने तळहाताची जाणीव गेली आहे, आणि ती काही आज गेलेली नाही, वर्षं झाली असतील. मामाने मामीला शपथ घातली, कुणाकडे बोलायचं नाही. मामीने शपथ पाळली. फक्त माझ्या आईला सांगितलं, म्हणजे आम्हा सगळ्यांना.

मामी शिवणकाम करते. अस्तराखालची धाग्याची गाठ तिला बोटांनी कळते. एकदा ती वर्कशॉपमध्ये डबा द्यायला गेली, तर मामा उजव्या बाजूवर हात ठेवून नुसताच उभा. तिने त्याचा हात बाजूला सारला, आपला फिरवला आणि म्हणाली, इथे वर आलंय. पुढे दोन वर्षं तेच. ती दाखवणार, तो ठोकणार, दोघं कडाकडा भांडणार. डावीकडेही एकदा बघते, असं ती म्हणाली तेव्हा मात्र मामा उसळला. ती बाजू त्याची होती.

यंदा त्याने मोटार हौशी लोकांच्या मेळाव्यात नेली. मैदानभर एकेक नमुने: सहा चाकांची, वर उघडणाऱ्या दारांची, एक तर अख्खी गालिच्याने मढवलेली. पण गर्दी आमच्या होडीभोवती. लोक उकिडवे बसून फोटो काढत होते, मामा मिरवत होता आणि मामी पाण्याची बाटली धरून मागे उभी होती.

तेवढ्यात एक म्हातारे कारागीर आले, याच धंद्यात केस पिकलेले. त्यांनी परवानगी विचारली, डोळे मिटले आणि डावीकडून हात फिरवत नेला, मग उजवीकडून.

"यात दोन हात आहेत," ते म्हणाले. "उजवी बाजू फार सुरेख. डावीकडे, मागे, चुकलंय."

मामाचा चेहरा उतरला. त्याची चार जुनी गिऱ्हाइकं शेजारीच उभी होती. मामी झटकन पुढे झाली.

"डावीकडे मी लुडबूड केली," ती म्हणाली. "हे नको म्हणत होते तरी."

म्हाताऱ्यांनी मान डोलावली. प्रकरण तिथेच मिटलं असतं. मामाने फक्त गप्प बसायचं होतं आणि मला वाटलं, बसेलच.

"नाही," मामा म्हणाला. "डावी माझी. उजवी हिची. माझ्या हाताला आता काही कळत नाही."

एवढं बोलून तो जमिनीकडे बघत राहिला. मामाविषयी इतकी माया मला आजवर कधी वाटली नव्हती. म्हाताऱ्यांनी मामीला विचारलं, हे काम कुणाकडे शिकलात? मामीने मामाकडे बोट दाखवलं.

परतताना मामी म्हणाली, डावी बाजू पुन्हा ठोकायची, उद्या रंग खरवडून ठेवा, मी नऊला येते. आता हा उसळणार, म्हणून मी मागच्या सीटवर अंग चोरून बसले.

"बरं," मामा म्हणाला.